क्लाउड वॅन: ब्रांच, गोडाऊन आणि घरून काम करणारी माणसं जोडताना पडणारे प्रश्न

हे पान कुणासाठी, तर ज्या कंपनीत आयटी म्हणजे एक किंवा फार तर दोन माणसं, प्रिंटरपासून फायरवॉलपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात, आणि आता साहेब म्हणालेत की सगळ्या ब्रांच क्लाउडवरून जोडून टाका. उदाहरण म्हणून एकच सेटअप धरलाय: हेड ऑफिस पुण्यात, प्लांट चाकणला, गोडाऊन भिवंडीत, ब्रांच कोल्हापूर, नाशिक आणि नागपूरला, ईआरपीचा (स्टॉक, बिलिंग, हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे क्लाउड कंपनीच्या तिथल्या डेटा सेंटरांत, आणि सेल्सची पोरं कायम रस्त्यावर. तुमची गावं वेगळी असतील, दुखणी हीच असतात.

प्र. क्लाउड वॅन म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांगा.

वॅन म्हणजे लांबलांबची ऑफिसं जोडणारं नेटवर्क. आधी सगळ्या ब्रांच एचओला, म्हणजे हेड ऑफिसला, जोडलेल्या असायच्या कारण सर्व्हर एचओच्या सर्व्हर रूममध्ये होता. आता सर्व्हर क्लाउडवर गेला, मेल मायक्रोसॉफ्ट नायतर गूगलकडे गेला, पण जोडणी तशीच राहिली. म्हणजे नागपूरचा माणूस मुंबईतल्या सर्व्हरशी बोलायला आधी पुण्यात येतो, पुण्याच्या फायरवॉलमधून जातो आणि मग मुंबईला पोचतो, आणि पुण्यात लाईट गेली की नागपूरचं बिलिंग बंद. क्लाउड वॅनमध्ये हा मधला हब तुमच्या ऑफिसातून उचलून प्रोव्हायडरच्या नेटवर्कवर ठेवतात. प्रत्येक ब्रांच आपल्या साध्या इंटरनेट लाईनवरून जवळच्या पॉपपर्यंत, म्हणजे त्या प्रोव्हायडरच्या शहरातल्या अड्ड्यापर्यंत, एन्क्रिप्टेड टनेल (बाहेरच्याला वाचता न येणारा रस्ता) टाकते आणि पुढचा प्रवास त्यांच्या बॅकबोनवरून, म्हणजे त्यांच्या मुख्य नेटवर्कवरून, होतो. घरून काम करणारा लॅपटॉपपण त्याच पॉपला येऊन मिळतो. रूटिंग, फायरवॉलचे नियम, कुणाला कुठे जाऊ द्यायचं, हे सगळं एका वेब पॅनलवरून.

एवढंच आहे. बाकी ब्रोशरमधली चित्रं.

प्र. एसडी-वॅन, सासी, एसएसई, क्लाउड वॅन... हे सगळं एकच आहे का?

एक नाही, पण विकणारा माणूस एकच असतो म्हणून गोंधळ होतो. एसडी-वॅन म्हणजे ब्रांचमधला बॉक्स जो दोन-तीन लाईन एकत्र वापरतो, कुठली लाईन आत्ता बरी चाललीय ते सतत मोजतो आणि ॲप्लिकेशन बघून ट्रॅफिक वळवतो. त्याचं एमईएफ या इंडस्ट्रीच्या संस्थेचं स्टँडर्ड २०१९ ला आलं, तोवर जो तो आपल्या व्याख्येने विकत होता. सासी हा शब्द गार्टनर या रिसर्च कंपनीने २०१९ मध्ये काढला: एसडी-वॅन आणि सिक्युरिटी, म्हणजे वेब फिल्टर, फायरवॉल, झीरो ट्रस्ट (आत आलेल्यावरही आपोआप विश्वास न ठेवणं) वगैरे, दोन्ही क्लाउडमधून एकत्र. त्यातली नुसती सिक्युरिटीची बाजू म्हणजे एसएसई. आणि मोठ्या क्लाउड कंपन्यांची आपापली वॅन सर्व्हिस वेगळीच: मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअर व्हर्च्युअल वॅन २०१८ पासून आहे, ॲमेझॉनची एडब्ल्यूएस क्लाउड वॅन २०२२ पासून. या दोन्ही मुख्यतः तुमचे क्लाउडमधले नेटवर्क आणि ब्रांच जोडायला आहेत, ब्रांचमधल्या माणसाने कुठली वेबसाईट बघावी हे त्या बघत नाहीत.

कोटेशनमध्ये कुठला शब्द छापलाय याला महत्त्व देऊ नका. विचारायचं एवढंच की बॉक्स कुठे, टनेल कुठे संपतो, आणि तपासणी कुठे होते.

प्र. आमचं एमपीएलएस चांगलं चाललंय, मग कशाला बदलायचं?

चांगलं चाललंय आणि सर्व्हर अजून ऑफिसातच असेल तर अजिबात बदलू नका. एमपीएलएस, म्हणजे टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कवरून मिळणारी खाजगी लाईन, वाईट नाही, त्याचं मूळ स्टँडर्ड २००१ चं आहे आणि आजही बँकांचं बरंच काही त्यावरच चालतं. ठरलेला रस्ता, ठरलेला लेटन्सी (पॅकेट पोचायला लागणारा वेळ), आणि व्हॉइसला वेगळी रांग. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे किंमत, १० एमबीपीएसच्या एमपीएलएसला जे देता त्यात त्याच गावात १०० किंवा २०० एमबीपीएसची दोन ब्रॉडबँड कनेक्शनं येतात. दुसरं म्हणजे ती लाईन तुम्हाला एचओला नेऊन सोडते आणि तुमचं निम्मं काम आता एचओत नाहीच. नवीन ब्रांच उघडली की फीजिबिलिटी, सर्व्हे, मग "सर पुढच्या आठवड्यात नक्की", हे ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको.

बऱ्याच कंपन्या प्लांटला एमपीएलएस ठेवतात आणि छोट्या ब्रांच इंटरनेटवर आणतात. हा मधला मार्ग मला पटतो.

प्र. ईआरपी ब्रांचला फार स्लो आहे. क्लाउड वॅन घेतल्यावर फास्ट होईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं खरं उत्तर देणारा सेल्सवाला अजून भेटायचाय. उत्तर आहे "बघावं लागेल", आणि काय बघायचं ते सांगतो.

स्लो व्हायची तीन वेगळी कारणं असतात. बँडविड्थ (लाईनची रुंदी) कमी, लेटन्सी जास्त, किंवा पॅकेट लॉस, म्हणजे डेटाचे तुकडे वाटेत हरवणं. लोक तिन्हीला "नेट स्लो आहे" म्हणतात आणि तिन्हीवर एकच औषध मारतात, ते म्हणजे प्लॅन वाढवा.

लेटन्सी धरा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटरला जाऊन येऊन १० मिलिसेकंद, याच्या खाली कुणीही आणू शकत नाही, कितीही महागडा बॉक्स लावा. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, मध्ये राउटर असतात, म्हणून नागपूर ते मुंबई २५-३० मिलिसेकंद मिळाले तर ठीकच म्हणायचं. आता तुमचा ईआरपीचा जुना क्लायंट, जो डेस्कटॉपवर इन्स्टॉल होतो आणि थेट डेटाबेसशी बोलतो, तो एक स्टॉक रिपोर्ट काढताना समजा ३००० छोट्या छोट्या क्वेऱ्या मारतो, एकाचं उत्तर आलं की पुढची. ऑफिसच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) एक फेरी एक मिलिसेकंदाची, तीन सेकंदात रिपोर्ट. नागपूरहून २५ मिलिसेकंदाच्या फेरीने तोच रिपोर्ट ७५ सेकंद. इथे लाईन १०० ची ५०० केली तरी ७५ चे ७४ होणार नाहीत. क्लाउड वॅननेपण होणार नाहीत.

टॅलीचं तसंच. डेटा फोल्डर सर्व्हरवर शेअर करून ब्रांचमधून व्हीपीएनवर (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा एन्क्रिप्टेड रस्ता) उघडायचा प्रकार अजून कितीतरी ठिकाणी चालतो. फाईल शेअरिंगचा प्रोटोकॉल फेऱ्या मारण्यात पटाईत, लाईन मध्येच तुटली की डेटा खराब व्हायची भीती वेगळी. यावर एकच इलाज, ॲप्लिकेशन सर्व्हरजवळच चालवा आणि ब्रांचला फक्त स्क्रीन पाठवा, म्हणजे आरडीपी किंवा रिमोट ॲप. वॅन बदलायच्या आधी हे करा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

पॅकेट लॉसला मात्र एसडी-वॅन खरंच कामाला येतो. २० मिलिसेकंदाच्या लाईनवर एक टक्का लॉस असेल तर जुन्या पद्धतीच्या एका टीसीपी कनेक्शनला साधारण ७ एमबीपीएसच मिळतात, वर प्लॅन २०० चा असो की ५०० चा. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडते म्हणून तिथे आकडा छान दिसतो आणि प्रोव्हायडर तोच स्क्रीनशॉट तोंडावर फेकतो. बॉक्स हा लॉस ओळखून ट्रॅफिक दुसऱ्या लाईनवर नेतो किंवा पॅकेट दोन्हीकडून पाठवतो.

प्र. पॉप किंवा रीजन कुठे आहे याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि करार करायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न हाच. भारतात आता रीजनची टंचाई नाही. ॲझ्युअरचं सेंट्रल इंडिया म्हणजे आपलं पुणेच, २०१५ पासून, एडब्ल्यूएस मुंबई २०१६ पासून आणि हैदराबाद २०२२ पासून, गूगल मुंबई २०१७ पासून. पण सासीवाल्यांचे पॉप वेगळे असतात. नकाशावर मुंबईत ठिपका दाखवतात, मग ट्रायलमध्ये बघावं तर काही सर्व्हिस तिथे चालते आणि काही तपासणीसाठी ट्रॅफिक सिंगापूरला जातो. मुंबई ते सिंगापूर जाऊन येऊन ६० मिलिसेकंदाच्या आसपास, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला २०० च्या आसपास. कोल्हापूरचा माणूस मुंबईतला सर्व्हर उघडतोय आणि पॅकेट सिंगापूर फिरून येतंय, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. म्हणून ट्रायलमध्ये ट्रेसरूट (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड) स्वतः मारा, ब्रांचच्या पीसीवरून, त्यांच्या डेमो लॅबमधून नाही.

दुबई किंवा लंडनला ऑफिस असेल तर समुद्राखालच्या केबलचाही विचार करावा लागतो. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट चांगलंच बसलं होतं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात परत तेच, मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलं की मध्य पूर्वेतून जाणाऱ्या ट्रॅफिकचा लेटन्सी वाढणार. चांगल्या बॅकबोनवाल्याकडे पूर्वेकडून, सिंगापूरमार्गेपण रस्ता असतो. तो आहे का ते विचारा.

प्र. आम्ही दोन लाईन घेतल्या होत्या, तरी दोन्ही एकदम बंद पडल्या. मग एसडी-वॅनचा उपयोग काय?

आता मुद्द्यावर आलात. क्लाउडमधला भाग ह्या लोकांनी बऱ्यापैकी सोडवलाय, घोडं अडतं ते शेवटच्या दोन किलोमीटरवर, आणि ते दोन किलोमीटर कुठलाच सासीवाला विकत नाही.

दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं म्हणजे दोन वेगळे रस्ते असं अजिबात नसतं. ब्रांचच्या बाहेर जाऊन वर बघा. दोन्ही काळ्या वायरी एकाच एमएसईबीच्या खांबावरून येत असतात, त्याच खांबावर दोन्हींचे डबे, कोपऱ्यावरच्या एकाच बिल्डिंगच्या गच्चीवर दोघांचे स्विच, आणि पुष्कळदा दोघांनाही फायबर देणारा लोकल केबलवाला एकच. रस्त्याच्या कामाला जेसीबी आला की दोन्ही एका दमात साफ. पावसाळ्याच्या तोंडावर नगरपालिका फांद्या छाटायला निघते तेव्हाही तेच. वर पॅनलवर लिहून येतं की दोन्ही लिंक डाऊन, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

काय करायचं: एक लाईन फायबर, दुसरी शक्यतो वेगळ्या माध्यमाची. गच्चीवरून दिसत असेल तर रेडिओ लिंक, नायतर चांगला ४जी किंवा ५जी राउटर, ज्याचा अँटेना बाहेर खिडकीशी लावलाय, रॅकच्या आत कोंबून नाही. सिम ज्या कंपनीचं घ्याल त्या कंपनीचा फायबर मुख्य लाईनला नको. प्लांटसारख्या जागी लीज लाईन घेत असाल तर पीओमध्येच (पर्चेस ऑर्डरमध्येच) लिहा की दुसऱ्या प्रोव्हायडरपेक्षा वेगळ्या रस्त्याने केबल पाहिजे आणि रूटचा नकाशा पाहिजे. तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही, लाईन तुटते तेव्हा तो सेल्सवाला दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

बॉक्सच्या लायसन्सवर पाच लाख घालणार असाल तर त्यातले एक लाख आधी या दुसऱ्या रस्त्यावर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्र. ब्रांचला स्टॅटिक आयपी लागतो का?

बहुतेक वेळा नाही. बॉक्स आतून बाहेर टनेल टाकतो, म्हणून डायनॅमिक आयपी चालतो, मोबाईल सिमपण चालतं. मोबाईलवाले आणि आता बरेच ब्रॉडबँडवाले सीजीनॅटच्या मागे ठेवतात, म्हणजे अनेक ग्राहकांत बाहेरचा आयपी एकच, तुमच्या राउटरला बहुधा १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता मिळतो आणि बाहेरून आत कुणी थेट येऊ शकत नाही. क्लाउड वॅनला त्याने फरक पडत नाही. पण दोन ब्रांचमध्ये थेट टनेल हवा असेल आणि दोन्ही सीजीनॅटच्या मागे असतील तर अडखळतं, मग ट्रॅफिक पॉपमधूनच जातो.

स्टॅटिक आयपी लागतो तो बँकेच्या पोर्टलला किंवा एखाद्या कस्टमरच्या सिस्टीमला तुमचा आयपी व्हाईटलिस्ट करायचा असेल तेव्हा. त्यासाठी प्रत्येक ब्रांचला घ्यायची गरज नाही, प्रोव्हायडरकडून पॉपवर एक फिक्स बाहेर जाणारा आयपी घ्या. तो फक्त तुमचा आहे की इतर कस्टमरबरोबर शेअर आहे हे नक्की विचारा. शेअर असेल तर बँकेला देऊ नका.

प्र. आमच्या सगळ्या ब्रांचमध्ये १९२.१६८.१ चंच नेटवर्क आहे. चालेल का?

नाही चालणार, आणि हे काम कुणी तुमच्यासाठी करून देणार नाही. राउटर डब्यातून काढला, लावला, डिफॉल्ट तसंच ठेवलं, असं करत सहा जागी एकच रेंज झालेली असते. स्वतंत्र होत्या तोवर कुणाला कळलं नाही. जोडायला गेलात की कोल्हापूरच्या प्रिंटरचा आणि नाशिकच्या सर्व्हरचा पत्ता एकच. विकणारा म्हणेल की आम्ही नॅट करून, म्हणजे वाटेत पत्ते बदलून, देऊ, पहिल्या दिवशी चालतंही, मग सहा महिन्यांनी बायोमेट्रिकचं मशीन किंवा कॅमेऱ्याचा डीव्हीआर दिसेनासा होतो आणि कुठला पत्ता खरा कुठला बदललेला हे कुणालाच आठवत नाही.

एक रविवार घालवा आणि नंबर नीट लावा. १०.x ची मोठी रेंज घ्या, प्रत्येक साईटला एक आकडा: पुणे १०.१०, चाकण १०.२०, भिवंडी १०.३०, असं. साईटच्या आत तिसरा आकडा कामानुसार, १ म्हणजे पीसी, २ म्हणजे फोन, ३ म्हणजे कॅमेरे, ४ म्हणजे गेस्ट वायफाय, सगळीकडे तोच क्रम. मधले आकडे मोकळे सोडा, ब्रांच वाढतात. क्लाउडमधलं नेटवर्कपण याच कोष्टकात बसवा, एडब्ल्यूएसचं डिफॉल्ट १७२.३१ असतं आणि दोन अकाउंट असतील तर दोन्हींचं तेच असतं, मग परत येरे माझ्या मागल्या.

घरच्या राउटरांचा एक वेगळा झोल. बहुतेक घरी १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ असतं, आणि तुमच्या ऑफिसचंही तेच असेल तर घरून व्हीपीएन लागतो पण सर्व्हर उघडत नाही, कारण लॅपटॉपला वाटतं सर्व्हर घरातच कुठेतरी आहे. ऑफिससाठी या दोन रेंज कायमच्या सोडून द्या.

प्र. टनेल अप दाखवतो, पिंगपण जातो, पण काही पेजेस अर्धवट उघडतात. काय असेल?

दहापैकी आठ वेळा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साईझ. साध्या लाईनवर एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात, पीपीपीओई (युजर-पासवर्डने लागणारं ब्रॉडबँड) असेल तर १४९२, आणि त्यावर टनेलचं आवरण चढलं की आतल्या मालाला जागा अजून कमी. वायरगार्ड (फुकट मिळणारं व्हीपीएन सॉफ्टवेअर) म्हणून डिफॉल्टच १४२० धरतो. मध्ये कुणी आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) ब्लॉक केलं असेल तर मोठं पॅकेट मुकाट्याने गायब होतं, पाठवणाऱ्याला निरोपच येत नाही. छोटा पिंग जातो, लॉगिनचं पान उघडतं, मोठी फाईल किंवा रिपोर्ट मात्र गोल गोल फिरत राहतो.

तपासायचं असं: पिंग मारताना तुकडे करू नको हा पर्याय लावायचा आणि साईझ १४७२ ने सुरू करून कमी करत यायचं. २८ बाइट हेडरचे मिळवले की १५०० होतात. टनेलमधून ज्या आकड्याला उत्तर यायला लागेल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. मग बॉक्सवर एमएसएस क्लॅम्पिंग नावाची, पॅकेटमधल्या मालाची साईझ आवरणारी सेटिंग असते, ती एमटीयूपेक्षा ४० ने कमी ठेवायची. बऱ्याच ठिकाणी १३५० लावलं की विषय संपतो.

प्र. घरून काम करणाऱ्यांना साधा व्हीपीएन पुरे की झीरो ट्रस्ट घ्यायलाच हवं?

साध्या व्हीपीएनमध्ये माणूस एकदा आत आला की सगळं नेटवर्क त्याला मोकळं. सेल्सच्या पोराला फक्त ऑर्डरचं पोर्टल हवं असतं, पण त्याच्या लॅपटॉपला प्लांटमधला पीएलसीसुद्धा (मशीन चालवणारा कंट्रोलर) दिसतो. झीरो ट्रस्टवाल्या पद्धतीत माणूस, त्याचं डिव्हाईस आणि त्याला हवं असलेलं एक ॲप्लिकेशन, एवढीच जोडणी होते. ही कल्पना गूगलने २००९-१० च्या चीनमधून झालेल्या हल्ल्यानंतर स्वतःच्या ऑफिसात राबवली, आणि अमेरिकेच्या एनआयएसटी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२० मध्ये त्यावर गाईडलाईन काढली, त्यामुळे ही काल आलेली फॅशन नाही.

पण नुसतं लायसन्स घेऊन सगळ्यांना सगळं अलाऊ केलं तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. कोणाला काय लागतं ही यादी डिपार्टमेंटवाल्यांकडून काढून घेणं, हे ह्यातलं खरं काम आहे आणि त्याला दोन-तीन महिने सहज जातात.

बजेट नसेल तर निदान एवढं आजच करा: व्हीपीएनला दुसरा फॅक्टर (पासवर्डशिवाय ओटीपीसारखी आणखी एक खात्री) लावा आणि सोडून गेलेल्यांची अकाउंट बंद करा. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल ही इंधन नेणारी पाईपलाईन बंद पडली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि चोर आत शिरले होते ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन अकाउंटमधून ज्याला दुसरा फॅक्टरच नव्हता. आणि व्हीपीएनचा बॉक्स इंटरनेटवर उघडा असेल तर त्याचे पॅच वेळच्या वेळी मारा. जानेवारी २०२४ मध्ये इव्हांटी कंपनीच्या व्हीपीएन बॉक्समधली भोकं बाहेर आली तेव्हा अमेरिकन सरकारने आपल्या खात्यांना ते चक्क काढून ठेवायला लावले होते.

प्र. टीम्स आणि झूमचे कॉल व्हीपीएनवर तुटतात.

कारण ते व्हीपीएनवरून न्यायचं काही कारणच नाही. ते आधीच एन्क्रिप्टेड असतात. टीम्सचा आवाज आणि व्हिडिओ यूडीपीच्या ३४७८ ते ३४८१ या पोर्टवर जातो, तो ब्रांचमधून थेट इंटरनेटवर सोडा, मायक्रोसॉफ्ट स्वतः हेच सांगतं. घरच्या युजरला स्प्लिट टनेल लावा, म्हणजे ऑफिसचं तेवढं टनेलमधून, बाकी थेट. मॅनेजमेंटला वाटतं सगळं तपासलं गेलं पाहिजे, त्यांना सांगा की कॉलमध्ये व्हायरस येत नाही, लिंक आणि फाईलमधून येतो, ते तपासू.

प्र. खर्च किती येईल? क्लाउडवाल्याचा कॅल्क्युलेटर काहीच कळत नाही.

तीन ठिकाणी पैसे जातात आणि लोक पहिलंच मोजतात. एक, लायसन्स, साईटमागे किंवा युजरमागे, बहुधा एमबीपीएसच्या पट्ट्यावर. इथे लाईनच्या स्पीडएवढं लायसन्स घेऊ नका, प्रत्यक्ष वापर महिनाभर मोजा, २०० च्या लाईनवर बऱ्याच ब्रांच ३० सुद्धा वापरत नाहीत.

दोन, क्लाउडमधल्या जोडणीचे तासावर पैसे. एडब्ल्यूएसवर एका व्हीपीएन जोडणीला तासाला साधारण ५ सेंट, म्हणजे महिन्याला ३६ डॉलर, सहा साईट म्हणजे २१६. ट्रान्झिट गेटवे (सगळी नेटवर्कं एकत्र जोडणारा एडब्ल्यूएसचा हब) लावलात की प्रत्येक जोडणीला परत वेगळे आणि वर जीबीमागे वेगळे.

तीन, आणि इथेच पाणी मुरतं: डेटा बाहेर जाण्याचे पैसे. आत यायला फुकट, बाहेर जायला मुंबई रीजनमधून जीबीला साधारण ११ सेंट, पहिले १०० जीबी सोडून. महिन्याला १ टीबी म्हणजे शंभर डॉलरच्या आसपास. ईआरपीचा डेटा एवढा नसतो, पण कुणीतरी रात्रीचा बॅकअप क्लाउडवरून चाकणच्या नासवर (नेटवर्कवरच्या स्टोरेज डब्यावर) ओढायला लावतो, किंवा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग क्लाउडवर ठेवून एचओतून बघत बसतात, आणि मग बिल बघून अकाउंट्सवाले फोन करतात. बिलिंग अलर्ट पहिल्याच दिवशी लावा. जीएसटी आणि डॉलरचा भाव वेगळा धरा.

प्र. आणि क्लाउडच बंद पडला तर?

पडतो की. २० ऑक्टोबर २०२५ ला एडब्ल्यूएसचं व्हर्जिनिया रीजन डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) गडबडीने आडवं झालं आणि जगभरच्या ॲप बंद पडल्या. महिन्याभरात, १८ नोव्हेंबरला, क्लाउडफ्लेअर, म्हणजे असंख्य वेबसाईट ज्यांच्या नेटवर्कमधून जातात ती कंपनी, गेलं, एक कॉन्फिगरेशनची फाईल नको एवढी मोठी झाली म्हणून. त्यात वेबसाईट तर गेल्याच, पण त्यांच्या झीरो ट्रस्टच्या लॉगिनलाही बऱ्याच लोकांना अडचण आली, म्हणजे ज्यांनी ऑफिसचं दारच त्यांच्याकडे दिलं होतं ते बाहेर उभे.

म्हणून मागचं दार ठेवायचं. क्लाउडमधल्या सर्व्हरला एक साधा वायरगार्ड किंवा आयपीसेक टनेल एचओतून थेट, एरवी बंद, पण महिन्यातून एकदा चालू करून बघितलेला. त्याचा पासवर्ड त्याच क्लाउडमधल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवू नका. आणि एडब्ल्यूएसची एक व्हीपीएन जोडणी घेतली की ते दोन टनेल देतात, लोक एकच लावतात. त्यांचं मेंटेनन्स एका वेळी एका टनेलवर चालतं, त्यामुळे एकच लावलेल्याचा बाजार उठतो. दोन्ही लावा.

प्लांटमध्ये तर गेटपास आणि वजनकाटा वॅनशिवाय चालले पाहिजेत. ट्रक गेटवर उभा ठेवून क्लाउड येण्याची वाट बघता येत नाही.

प्र. एसएलए ९९.५ टक्के देतात, चांगला आहे ना?

एसएलए म्हणजे सर्व्हिस किती वेळ चालू राहील याची करारातली हमी. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.५ म्हणजे ३ तास ३६ मिनिटं बंद राहिलं तरी त्यांची चूक नाही. ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं. आणि चुकलं तर काय, बिलातले थोडे पैसे परत, तेही तुम्ही मागितलेत तर. क्लाउड वॅनवाल्याचा एसएलए पॉपपासून पुढचा असतो, तुमच्या ब्रांचची लाईन त्यात येत नाही, हे करारात बारीक अक्षरात असतं.

प्र. कायद्याचं काही आहे का?

आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना झाली तर सहा तासांत कळवायचं, लॉग १८० दिवस ठेवायचे, आणि सिस्टीमची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाईम सर्व्हरशी जुळवायची. व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची जी अट गाजली ती कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला नाही, पण लॉगची अट आहे. बऱ्याच क्लाउड सर्व्हिस डिफॉल्टमध्ये ३० दिवसच लॉग ठेवतात, पुढचे पैसे वेगळे, त्यामुळे कोटेशनमध्ये १८० दिवस लिहून घ्या.

कॉल सेंटर असेल तर ओएसपीचे (कॉल सेंटर, बीपीओ वगैरेंना लागू होणारे टेलिकॉम खात्याचे) नियम २०२० आणि २०२१ मध्ये बरेच ढिले झाले, रजिस्ट्रेशन गेलं, पण टोल बायपास, म्हणजे साध्या फोन लाईनचा कॉल चोरवाटेने इंटरनेटवरून न्यायचा, हे आजही चालत नाही. बँक, पतसंस्था किंवा एनबीएफसी असाल तर तुमचे नियम वेगळे आणि कडक, ऑडिटरला आधी बसवा.

प्र. एवढं बजेट नाही. फुकटात काही होईल का?

पाच-सहा साईट आणि तीस-चाळीस माणसांपर्यंत आरामात होतं. वायरगार्ड २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, हलका आहे, फास्ट आहे. मुंबई रीजनला एक छोटं लिनक्स मशीन, प्रत्येक ब्रांचला वायरगार्ड चालणारा राउटर, झालं. कीज आणि नियम हाताने सांभाळायचा कंटाळा असेल तर टेलस्केल, नेटबर्ड वगैरे आहेत, ते सीजीनॅटच्या मागूनही रस्ता काढतात. एक लक्षात ठेवा, टेलस्केल आपले पत्ते १००.६४ च्या रेंजमधूनच देतो, आणि काही प्रोव्हायडर सीजीनॅटला तीच रेंज वापरतात, त्यामुळे क्वचित कुठेतरी टक्कर होते.

यात काय मिळत नाही: ॲप्लिकेशन बघून लाईन बदलणं, वेब फिल्टर, रिपोर्ट, आणि रात्री दोनला फोन उचलणारा माणूस. तो माणूस तुम्हीच. आणि तुम्ही नोकरी सोडलीत तर हे सगळं कोण सांभाळणार, हा प्रश्न मालकाने विचारायला हवा, तो विचारत नाही.

प्र. कुठल्या कंपनीचा घ्यावा?

नाव सांगणार नाही, पण एक बघा. या धंद्यात मालक सतत बदलतात. एसडी-वॅन बनवणाऱ्या कंपन्याच घ्या: सिस्कोने २०१७ मध्ये विप्टेला घेतली, त्याच वर्षी व्हीएमवेअरने वेलोक्लाउड घेतली, मग २०२३ मध्ये व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमकडे गेली, आणि २०२५ मध्ये वेलोक्लाउड अरिस्टाकडे. एचपीईने २०२० मध्ये सिल्व्हर पीक घेतली. म्हणजे वेलोक्लाउडचा एकच बॉक्स, रॅकमध्ये जागेवरून हललेला नाही, आणि त्याचा मालक आठ वर्षांत चौथा. प्रत्येक वेळी लायसन्सचे नियम, पोर्टल, सपोर्टचा नंबर बदलतो. म्हणून पाच वर्षांचं लायसन्स एकदम स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका, तीन पुरे. आणि लायसन्स संपल्यावर बॉक्स निदान साधा राउटर म्हणून तरी चालतो का ते लेखी घ्या. काही बॉक्स लायसन्स संपलं की विटेसारखे पडून राहतात.

प्र. बदल करताना कुठून सुरुवात करावी?

सगळ्यात कटकट करणाऱ्या ब्रांचपासून नाही आणि एचओपासूनही नाही. मधली एखादी, नाशिकसारखी, जिथला मॅनेजर समजूतदार आहे. जुनी लाईन निदान एक महिनाअखेर आणि एक जीएसटी रिटर्नची तारीख जाईपर्यंत ठेवा, खरा लोड तेव्हाच येतो. दिवाळीच्या आधी आणि मार्चमध्ये हात लावू नका. आणि आजचे आकडे आधी लिहून ठेवा, लेटन्सी किती, लॉस किती, तो स्टॉक रिपोर्ट किती सेकंदात येतो, नायतर नंतर "आधीच बरं होतं" म्हणणाऱ्यांना दाखवायला काही नसतं.

प्र. ब्रांचला आयटीचा माणूस नाही, बॉक्स कोण लावणार?

झीरो टच नावाची सोय असते. बॉक्सचा सिरियल नंबर पोर्टलवर आधी टाकायचा, ब्रांचला बॉक्स गेला की कुणीही वायर लावायची, तो स्वतः क्लाउडवरून कॉन्फिगरेशन ओढतो. कागदावर. प्रत्यक्षात लाईनला पीपीपीओईचा युजर पासवर्ड लागतो आणि तो बॉक्सला माहीत नसतो, मग गाडी तिथेच थांबते. त्यामुळे ब्रॉडबँडवाल्याचा राउटर तसाच पुढे ठेवा आणि बॉक्स त्याच्या मागे लावा, नायतर पासवर्ड पुण्यातच भरून पाठवा.

पाठवायच्या आधी पोर्टवर रंगीत टेप लावा, वायरीच्या टोकालाही तोच रंग. अकाउंटंटला फोनवर "वॅन वन पोर्ट" सांगण्यापेक्षा "लाल वायर लाल भोकात" सांगितलेलं बरं पडतं. लावून झाल्यावर पुढून-मागून फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, एमआयडीसीत आणि जुन्या गाळ्यांत अर्थिंग नुसतं नावाला असतं आणि पहिल्या वळवाच्या पावसात पोर्ट जळतात. यूपीएसवर बॉक्स, स्विच आणि ब्रॉडबँडवाल्याचा ओएनटी (फायबर येऊन लागतो तो डबा), तिन्ही पाहिजेत. ओएनटी हमखास विसरतात, तो खिडकीजवळ वेगळ्या प्लगवर असतो, लाईट गेली की बॉक्स जिवंत आणि लाईन मेलेली. आणि हाऊसकीपिंगवाल्या मावशींना सांगा, झाडू मारताना तो प्लग काढून मोबाईल चार्जर लावायचा नाही.